सायकल मेकॅनिक म्हणून काम करायचे असेल तर: नवशिक्यांसाठी शिकण्याचा क्रम

सायकल दुरुस्ती बाहेरून पाहणाऱ्याला सोपी वाटते, कारण यंत्र सगळे उघडे असते आणि पाना हातात धरता येतो अशा कोणालाही दोन-चार नट आवळता येतात. या कामातली खरी अडचण पाना फिरवण्यात नसून कोणता भाग उघडायचा आणि कोणता तसाच राहू द्यायचा हे ठरवण्यात आहे. 'गिअर नीट पडत नाहीत' अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते, तेव्हा दोष केबलमध्ये असू शकतो, वाकलेल्या हँगरमध्ये (मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला ज्यावर लटकते त्या तुकड्यात) असू शकतो, झिजलेल्या चेनमध्ये असू शकतो किंवा मागचे चाक फ्रेममध्ये तिरके बसले आहे एवढाच असू शकतो. चारही दोषांचे लक्षण एकच, पण त्यांवरचे उपाय वेगळे आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा. हे ओळखण्याची नजर कशी कमवावी आणि त्या नजरेच्या आधारे पोट भरण्याइतके काम कसे उभे करावे, यासाठीचा क्रम पुढे दिला आहे. सायकलची हौस असलेल्या, पण मेकॅनिकच्या बाजूने ती कधीच न पाहिलेल्या वाचकासाठी हा लेख आहे.

सुरुवात एका टाकाऊ सायकलीपासून

स्वतःची चांगली सायकल शिकण्यासाठी वापरू नये आणि दुसऱ्याची तर मुळीच वापरू नये. लोखंडी फ्रेमची, साध्या ब्रेकची, ज्यांत सुटे छर्रे असतात अशा हबची (चाकाच्या मध्यभागाची) एखादी जुनी सायकल मिळवावी आणि ती पूर्ण उघडावी. पूर्ण म्हणजे पेडल, क्रँक (पेडल ज्यावर बसते तो दांडा), बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा अक्ष फ्रेममध्ये ज्यावर फिरतो तो भाग), हँडलचा हेडसेट (हँडल फ्रेममध्ये ज्यावर फिरते तो भाग), दोन्ही हब, फ्रीव्हील, ब्रेक, केबल असे सगळे. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र काढावे, सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटलीत मांडावेत आणि सायकल पुन्हा जोडावी. पहिल्या जोडणीनंतर ती बहुधा कुरकुरेल. ती पुन्हा उघडावी. तिसऱ्या वेळी हातांना कळू लागते की आटे सरळ धरले की नट बोटांनीच फिरतो आणि तिरके धरले की दुसऱ्याच फेऱ्यात अडतो. आटे पहिले दोन-तीन फेरे बोटांनी फिरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, ही सवय येथेच लागली पाहिजे.

याच सायकलीवर उलट्या आट्यांची ओळख होते. उजव्या पेडलचे आटे नेहमीचे असतात आणि डाव्या पेडलचे उलटे. पेडल मारताना दाबाची दिशा क्रँकच्या संदर्भात सतत फिरत राहते, त्यामुळे पेडलचा दांडा आपल्या भोकात अगदी सूक्ष्म गडगडतो आणि हळूहळू दाबाच्या उलट दिशेने फिरू पाहतो. डाव्या बाजूला नेहमीचे आटे असते, तर काही दिवसांतच पेडल गळून पडले असते. दिशा पाठ करत बसण्यापेक्षा एक खूण लक्षात ठेवावी: पाना पेडलवर उभा धरून त्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे ढकलले की पेडल आवळले जाते आणि मागच्या चाकाकडे ओढले की सुटते, आणि हे दोन्ही बाजूंना सारखेच लागू पडते. इंग्रजी मापाच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये उजव्या कपाचे आटे उलटे असतात, तेही याच कारणाने. इटालियन मापात मात्र दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या असतात, आणि ते न पाहता जोर लावणाऱ्याला फ्रेमचे आटे गमवावे लागतात. मी स्वतः उमेदवारीच्या पहिल्याच महिन्यात एक डावे पेडल 'गंजले आहे' असे समजून लांब नळी लावून चुकीच्या दिशेने इतके आवळले होते, की शेवटी क्रँकच बदलावी लागली. पेडल गंजले नव्हते.

हब उघडल्यावर छर्रे मोजून ठेवावेत. पुढच्या हबमध्ये बहुधा 3/16 इंचाचे प्रत्येक बाजूला 10 आणि मागच्या हबमध्ये 1/4 इंचाचे प्रत्येक बाजूला 9 छर्रे असतात. छर्रे पुसून पाहण्यापेक्षा कोन, म्हणजे ॲक्सलवरचा (चाकाच्या मधल्या दांड्यावरचा) छर्ऱ्यांना टेकणारा निमुळता नट, पुसून पाहावा. ज्या पट्ट्यावर छर्रे फिरतात तो पट्टा चकचकीत आणि सलग असेल तर कोन चांगला. त्यावर टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर कितीही ग्रीस भरले तरी चाक खरखरतच राहणार. कोन बसवताना ॲक्सल बोटांनी फिरवल्यावर कोठेही अडू नये आणि रिम धरून हलवल्यावर चाकात ढिलाई जाणवू नये. क्विक रिलीजच्या, म्हणजे लिव्हर फिरवून सुटणाऱ्या, चाकात मात्र किंचित ढिलाई मुद्दाम ठेवावी लागते, कारण लिव्हर बंद केली की ॲक्सल दाबला जातो आणि ती ढिलाई नाहीशी होते. हा केसाएवढा फरक पुस्तकातून कळत नाही. तो पन्नास हब बसवल्यावर बोटांना कळतो.

हत्यारे कोणती आणि कधी घ्यावीत

पहिल्याच दिवशी मोठी पेटी विकत घेण्याचा मोह टाळावा. तयार संचातली निम्मी हत्यारे वर्षभर लागत नाहीत आणि जी रोज लागतात ती हलक्या धातूची निघतात. सुरुवातीला 2 ते 8 मिलिमीटरच्या चांगल्या ॲलन की, टी-25 मापाची टॉर्क्स की, 8, 9, 10 आणि 15 मिलिमीटरचे पाने, 13 ते 17 मिलिमीटरचे पातळ कोन पाने, टायर लिव्हर, चेन तोडण्याचे हत्यार, चेनची झीज मोजण्याची पट्टी, निपल की (आऱ्याच्या रिमकडच्या टोकाचा नट, म्हणजे निपल, फिरवणारी), दाबमापक असलेला उभा पंप आणि केबल कापण्याची पकड एवढे पुरते. यांतल्या केबल कापण्याच्या पकडीत काटकसर करू नये. साध्या पकडीने कापलेली केबल टोकाला पिंजते, आवरणाचे तोंड चेपते आणि मग त्या चेपलेल्या तोंडामुळे बिघडलेले गिअर आपण तासभर जुळवत बसतो. क्रँक ओढण्याचे हत्यार, कॅसेटची (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चक्रांच्या गटाची) साखळी-पट्टी व लॉकरिंगचे (ती जागेवर धरणाऱ्या कड्याचे) हत्यार, निरनिराळ्या बॉटम ब्रॅकेटची हत्यारे ही ज्या दिवशी ते काम येईल त्या दिवशी घ्यावीत.

दोन गोष्टी मात्र लवकर घ्याव्यात. पहिली म्हणजे कामाचा स्टँड, कारण जमिनीवर उकिडवे बसून दिवसभर काम करणाऱ्याची कंबर काही वर्षांतच तक्रार करू लागते. दुसरी म्हणजे टॉर्क रेंच. आजच्या हलक्या सायकलींत पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातो आणि हाताच्या अंदाजाने आवळताना ॲल्युमिनियमच आधी हार मानते. स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) बोल्टला साधारण 5 ते 6 न्यूटन मीटर, कॅसेटच्या लॉकरिंगला सुमारे 40 न्यूटन मीटर, पेडलला 35 ते 40 न्यूटन मीटर असे आकडे असतात. भागावर छापलेला आकडा वेगळा असेल तर तोच प्रमाण मानावा. हे आकडे पाठ होण्यापेक्षा मोठा लाभ असा, की 5 न्यूटन मीटर म्हणजे हाताला किती जोर लागतो हे महिन्याभरात मनगट शिकते. गिअरच्या स्क्रूंबद्दल एक लहानशी पण उपयोगी माहिती: जपानी बनावटीच्या डिरेलरवरचे (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेवरचे) अधिकचिन्हाचे स्क्रू जपानी मापाचे असतात आणि नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांतून निसटून डोके खराब करतो. जपानी मापाचा एक स्क्रू ड्रायव्हर वेगळा ठेवल्यास हा त्रास संपतो.

पंक्चर हे हलके काम नाही

नवशिक्याच्या हातात पहिले काम पंक्चरचेच येते आणि तो ते उरकून टाकू पाहतो. छिद्र शोधून ठिगळ लावणे हे अर्धेच काम झाले. छिद्र का पडले हे सापडल्याशिवाय ट्यूब परत आत घालायची नाही. यासाठी टायर काढताना त्यावरील छापील नाव व्हॉल्व्हसमोर येते की नाही हे पाहून ठेवावे, म्हणजे ट्यूबवरचे छिद्र टायरच्या नेमक्या कोणत्या जागेसमोर होते ते कळते आणि त्या जागी टायरच्या आतून काळजीपूर्वक बोट फिरवल्यास काच किंवा तार सापडते. छिद्र ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा आऱ्याचे टोक वर आले आहे असे समजावे. शेजारी-शेजारी दोन समांतर चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडांमध्ये चेपली गेली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटले असेल तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

ठिगळ लावताना जागा खरवडून घ्यावी, सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर पसरावा आणि त्याची ओली चमक पूर्ण जाईपर्यंत थांबावे. ओल्या सोल्यूशनवर बसवलेले ठिगळ एखादा आठवडा धरते आणि मग कडेने सुटते. टायर चढवल्यावर थोडी हवा भरून दोन्ही बाजूंनी चाक फिरवून पाहावे. टायरवरची कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. मगच पूर्ण दाब द्यावा.

मापांचा गोंधळ एकदाच समजून घ्यावा

सायकलच्या चाकांची इंचातली मापे फसवी असतात. '26 इंची' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टायरांत माउंटन बाइकचा टायर 559 मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर 26 गुणिले 1 3/8 इंच असे लिहिलेला टायर 590 मिलिमीटरच्या रिमवर. दोन्ही '26'च, पण फरक 31 मिलिमीटरचा. उलट 700 सी, 29 इंच आणि 28 इंचांतला एक प्रकार ही तिन्ही नावे 622 मिलिमीटरच्या एकाच रिमची आहेत, आणि जुन्या उभ्या सायकलींचा 28 गुणिले 1 1/2 इंची टायर मात्र 635 मिलिमीटरचा असतो. म्हणून टायरच्या कडेवर 37-622 अशा रीतीने लिहिलेले आयएसओ माप वाचावे. त्यातला पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा टायर रिमवर बसतो त्या व्यासाचा. गिऱ्हाइकाने फोनवर सांगितलेल्या इंचांवर विसंबून टायर मागवू नये.

अशीच फसगत फ्रीव्हील आणि कॅसेट यांत होते. फ्रीव्हीलमध्ये सुटे फिरण्याची यंत्रणा दात्यांच्या चक्रातच असते आणि ते हबवर आट्यांनी बसते. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबच्या अंगात असते. दोन्हींची हत्यारे वेगळी आहेत, एकाचे हत्यार दुसऱ्यात थोडेफार बसल्यासारखे वाटते आणि तेवढ्यात खाचा खराब होतात.

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणे

मेकॅनिकची परीक्षा चाकावर होते असे जुने कारागीर मानत, आणि मला ते आजही खरे वाटते. आऱ्यांवर चाक उभे राहते ते ताणाच्या समतोलावर. हबच्या डावीकडच्या फ्लँजला (कडेच्या चकतीला) जोडलेला आरा आवळला की रिम त्या जागी डावीकडे सरकते, उजवीकडचा आवळला की उजवीकडे. निपल टायरच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर आवळले जाते. चाकाच्या आतल्या बाजूने पाहणाऱ्याला ती दिशा उलटी दिसते, म्हणून सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकजण आऊट काढण्याऐवजी वाढवतो. एका वेळी पाव ते अर्धा फेराच द्यावा. रिम एखाद्या जागी उजवीकडे झुकत असेल तर त्या भागातले डावे आरे थोडे आवळावेत आणि उजवे तेवढेच सैल करावेत, म्हणजे एकूण ताण आणि रिमची उंची बदलत नाही. नुसते आवळत गेल्यास चाक सरळ दिसते, पण त्या जागी रिम आत ओढली जाऊन उडी मारू लागते.

आरे जोडीजोडीने बोटांनी दाबून पाहावेत, किंवा नखाने छेडून त्यांचा स्वर ऐकावा. एका बाजूच्या सर्व आऱ्यांचा स्वर साधारण सारखा असायला हवा. मागच्या चाकात दात्यांच्या बाजूचे आरे अधिक ताणलेले असतात, कारण कॅसेटला जागा देण्यासाठी ती बाजू हबच्या मध्याजवळ सरकवलेली असते. म्हणून दोन बाजूंची तुलना एकमेकींशी करायची नाही. आरा बहुधा हबजवळच्या वाकात तुटतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की तो फार आवळल्यामुळे तुटला. प्रत्यक्षात ढिल्या आऱ्याचा ताण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होत राहतो आणि त्या थकव्याने धातू तुटतो. एकाच चाकाचे तीन-चार आरे महिन्याभरात तुटले असतील, तर एकेक बदलत राहण्यापेक्षा सगळे आरे नवीन घालण्याचा सल्ला द्यावा. रिमलाच पीळ पडला असेल, तर निपल फिरवून ती सरळ करण्याचा हट्ट सोडावा. तशा चाकात काही आरे कडक आणि काही लोंबते राहतात आणि गिऱ्हाईक पंधरा दिवसांत परत येते.

निदान: पाना हातात घेण्यापूर्वी

सायकल स्टँडवर चढवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. गिऱ्हाइकाला बोलू द्यावे, सायकल स्वतः थोडी चालवून पाहावी आणि नंतर ती डोळ्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी. 'आवाज येतो' एवढ्यावर समाधान मानू नये. आवाज पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला येतो की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला? पेडल मारणे थांबवल्यावर तो बंद होतो का? सीटवरून उठून चालवल्यावर येतो का? या तीन प्रश्नांत शोधाची जागा निम्म्याहून अधिक आखूड होते. बसून चालवतानाच येणारी आणि उठल्यावर थांबणारी कुरकुर सीट, तिचे रूळ किंवा सीटची नळी यांतून येते. पेडलच्या फेऱ्याबरोबर येणारी कुरकुर म्हणजे बॉटम ब्रॅकेटच, असे मानून तो उघडण्याची घाई करू नये. कोरड्या आट्यांचे पेडल, पुढच्या दात्यांच्या चक्राचा (चेनरिंगचा) ढिला बोल्ट किंवा क्विक रिलीजची कोरडी पकड हीदेखील तोच आवाज काढतात आणि लोखंडी किंवा कार्बनची पोकळ फ्रेम तो आवाज कुठल्याकुठे नेऊन पोहोचवते. स्वस्त आणि लवकर होणारी तपासणी आधी, अवघड उघडझाप शेवटी.

गिअरच्या तक्रारीतही क्रम पाळला की काम निम्म्या वेळात होते. आधी मागचे चाक फ्रेममध्ये सरळ बसले आहे का ते पाहावे. मग मागून पाहून डिरेलरचा पिंजरा चाकाला समांतर आहे का ते तपासावे. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर हँगर वाकलेला असतो आणि वाकलेल्या हँगरवर कोणतीही जुळवाजुळव टिकत नाही. मग चेनची झीज मोजावी. चेनचा एक पिन ते पुढचा पिन हे अंतर अर्धा इंच असते, म्हणून 24 कड्यांची लांबी नेमकी 12 इंच भरली पाहिजे. ती 1/16 इंचाने वाढली म्हणजे झीज अर्ध्या टक्क्याच्या आसपास आली. 11 आणि 12 गिअरच्या अरुंद चेनी याच टप्प्यावर बदलाव्यात, 10 पर्यंतच्या गिअरच्या चेनी 0.75 टक्क्यांपर्यंत चालतात. चेन वेळेवर बदलली नाही तर कॅसेटचे दाते तिच्याबरोबर झिजतात आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवरून जोर देताच घसरते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले नसेल, तर नवी चेन घालून आपणच सायकल बिघडवली असे त्याला वाटते.

एवढे झाल्यावर केबल सोडून ती हाताने ओढून पाहावी. ती खरखरत असेल, तर केबल आणि आवरण दोन्ही बदलावे. त्यानंतर डिरेलरचे दोन मर्यादा-स्क्रू जुळवावेत, ज्यामुळे चेन सर्वांत लहान चक्राच्या बाहेर किंवा सर्वांत मोठ्या चक्रापलीकडे आऱ्यांत पडत नाही. केबलचा ताण सर्वांत शेवटी. खटका पडून गिअर जागेवर बसण्याची पद्धत शिमानोने 1984 मध्ये रूढ केली आणि तेव्हापासून या सगळ्या भागांतली चूक मिलिमीटरच्या अंशातही जाणवते. बहुतेक नवशिके मात्र ताणाच्या स्क्रूपासून सुरुवात करतात, कारण तो हाताने फिरवता येतो.

ब्रेक आणि नाही म्हणण्याची जबाबदारी

गिअर चुकला तर गिऱ्हाईक चिडते. ब्रेक चुकला तर ते पडते. म्हणून ब्रेकच्या कामात काही गोष्टी सवलत न देता पाळाव्यात. ब्रेक केबलचे आवरण आतून वेटोळ्या पट्टीचे असते आणि गिअरच्या आवरणात तारा लांबीच्या दिशेने असतात. गिअरचे आवरण ब्रेकला वापरले, तर जोरात ब्रेक दाबताच ते फुटू शकते आणि ब्रेक क्षणात नाहीसा होतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये काही कंपन्यांच्या यंत्रणा खनिज तेलावर चालतात, शिमानोचे ब्रेक त्यांपैकी आहेत. काही यंत्रणा डॉट द्रवावर, म्हणजे मोटारींच्या ब्रेकमध्येही असणाऱ्या द्रवावर, चालतात. एकाचा द्रव दुसऱ्यात घातल्यास आतली रबरी सीले फुगतात किंवा खराब होतात. लिव्हरवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेले वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. डॉट द्रव रंगावर सांडला तर रंग उचलतो, हेही ध्यानात ठेवावे. डिस्क असलेल्या सायकलीच्या आसपास तेलाचा फवारा मारायचा नाही. पॅडमध्ये तेल शिरले की ते सहसा परत साफ होत नाही.

रिम ब्रेकच्या सायकलीत रिमची भिंतही ब्रेकबरोबर झिजते. अनेक रिमांवर झीज दाखवणारी बारीक खाच असते. ती नाहीशी झाली असेल किंवा भिंतीला बोट लावल्यावर ती आत खोलगट लागत असेल, तर हवेच्या दाबाने रिम फुटण्याची शक्यता असते.

कोणत्याही कारणाने आलेली सायकल परत देताना पुढील गोष्टी तपासल्याखेरीज सोडू नये: दोन्ही चाके फ्रेममध्ये घट्ट आहेत, क्विक रिलीजची लिव्हर अर्ध्यावर आल्यावर जोर लागू लागतो, हँडल पुढच्या चाकाच्या तुलनेत फिरत नाही, सीटची नळी किमान खोलीच्या खुणेच्या आत आहे आणि हेड ट्यूबजवळ किंवा फोर्कवर भेग नाही. भेग दिसली तर ती गिऱ्हाइकाला दाखवावी, कागदावर लिहून द्यावी आणि सायकल चालवण्याजोगी नाही असे स्पष्ट सांगावे. 'तेवढे चालवून घ्या' असे सांगणारा मेकॅनिक काही दिवस लोकप्रिय राहतो.

दुसऱ्याच्या हाताखालचा काळ

वरचे सगळे घरी जमले, तरी एखाद्या चालत्या दुकानात निदान एक-दोन वर्षे काम करावे असे माझे ठाम मत आहे. घरी एका सायकलीला रविवार देता येतो. दुकानात एका दिवसात निरनिराळ्या बनावटीच्या आठ-दहा सायकली समोर येतात आणि घाईतही क्रम न मोडण्याचे शिक्षण तेथेच मिळते. काही देशांत यासाठी औपचारिक मार्ग आहे. जर्मनीत दुचाकी मेकॅट्रॉनिक्सचे उमेदवारी शिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि त्यात सायकलची शाखा वेगळी घेता येते. ब्रिटनमध्ये सायटेक नावाची टप्प्याटप्प्याची प्रमाणपत्रे आहेत. जेथे असा मार्ग नाही तेथे मोठ्या कंपन्यांची स्वतःची तांत्रिक पुस्तिका आणि प्रशिक्षणे उपयोगी पडतात. प्रमाणपत्राने दार उघडते, पण मालक पहिल्या आठवड्यात पाहतो तो मेकॅनिकचा बाक: हत्यारे जागेवर आहेत का, आणि एका सायकलीचे सुटे भाग दुसरीच्या भागांत मिसळले आहेत का.

या काळात एक वही ठेवावी. प्रत्येक सायकलीची तक्रार, आपला पहिला अंदाज, प्रत्यक्ष निघालेला दोष आणि लागलेला वेळ अशा चार गोष्टी लिहाव्यात. सहा महिन्यांनी ती वही चाळली, की आपला अंदाज कोठे वारंवार चुकतो हे दिसते. माझ्या वहीत तो बॉटम ब्रॅकेट होता. मी तो विनाकारण फार वेळा उघडत असे.

इलेक्ट्रिक सायकली

या कामाकडे आता पाठ फिरवून चालणार नाही. युरोपीय नियमांत 250 वॅटपर्यंतची आणि ताशी 25 किलोमीटरनंतर साहाय्य थांबवणारी इलेक्ट्रिक सायकल साध्या सायकलीसारखीच मानली जाते आणि तिची बहुतेक कामेही साध्या सायकलीचीच असतात. फक्त पेडलजवळ मोटर असलेल्या सायकलींत चेन आणि कॅसेट लवकर झिजतात आणि वजनामुळे ब्रेक पॅडही लवकर संपतात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. फुगलेली, पडलेली किंवा पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी उघडून दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये आणि ती रात्रभर दुकानात चार्जिंगला तर कधीच लावू नये. मोटरच्या आतले काम बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवणे हेच शहाणपणाचे आहे. आपण निदानाची संगणकीय जोडणी, जोडपिना, केबल आणि गतिसंवेदकाचा चुंबक एवढे नीट तपासले तरी पुष्कळ तक्रारी मिटतात, कारण बऱ्याच वेळा चुंबक आऱ्यावरून सरकलेला असतो.

वेळ, दर आणि परत येणारे काम

या धंद्यात पैसा सुट्या भागांच्या विक्रीत थोडा आणि वेळेच्या हिशेबात जास्त बुडतो. वहीत लिहिलेल्या वेळांवरून प्रत्येक नेहमीच्या कामाचा दर ठरवावा आणि तो भिंतीवर लावावा. सायकल घेतानाच तपासणी करून काय करणार, कोणते भाग बदलणार आणि साधारण किती खर्च येईल हे लिहून द्यावे. काम करताना नवा दोष निघाला, तर पुढे जाण्यापूर्वी गिऱ्हाइकाला विचारावे. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत. गिऱ्हाईक ते बहुधा तेथेच टाकून जाते, पण बदललेली वस्तू खरोखर बदलली आहे हे त्याने पाहिलेले असते.

सुट्या भागांचा साठा सुरुवातीला थोडाच ठेवावा: नेहमीच्या तीन-चार मापांच्या ट्यूब, ब्रेक आणि गिअरच्या केबल व आवरणे, ब्रेक पॅडचे दोन-तीन प्रकार, 7 ते 11 गिअरच्या चेनी, छर्रे, नेहमीच्या लांबीचे आरे आणि हँगरचे काही नमुने. हँगर जवळजवळ प्रत्येक फ्रेमला वेगळा लागतो, म्हणून त्यांचा मोठा साठा करण्यात अर्थ नसतो. पावसाळी किंवा थंडीच्या मंद दिवसांत संपूर्ण ओव्हरहॉलिंगची कामे घेण्याची व्यवस्था केली, तर वर्षाच्या उत्पन्नातले चढउतार कमी होतात.

अंगाची काळजीही याच हिशेबात धरावी. पेट्रोलने हात धुण्याची जुनी सवय त्वचा फाडते आणि विषारीही असते; नायट्राइलचे हातमोजे, हवेशीर जागा आणि साबणाच्या जातीचा चिकटा काढणारा द्रव वापरावा. ग्राइंडर चालवताना आणि ताणलेला आरा कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

परत आलेल्या सायकलीचे काम त्याच दिवशी, आधी हाती घ्यावे आणि दोष आपला निघाला तर त्याचे पैसे घेऊ नयेत. मात्र ती सायकल पहिल्या वेळी ज्याने केली त्यानेच ती पुन्हा उघडावी, आणि वहीतल्या जुन्या नोंदीखालीच नवी नोंद करावी.